नसलेल्या बैलांचे कारभारी

कारभारी कोपऱ्यावरून वळायच्या आधी खोकायचे. साधं नाही, चांगलं दणकून. त्यांच्या घरात आणि आमच्या घरात एकच भिंत होती, तीही आमच्या बाजूनं खचलेली, त्यामुळं हा खोकला मला दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचा. लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा वाटलं, माणसाला क्षय असावा. आमचे हे, म्हणजे गावचे मास्तर, त्यांना मी म्हटलंसुद्धा, "दुसरीकडं बिऱ्हाड बघा, हे लक्षण काही ठीक नाही." शेवटी एकदा आडावर सरूवहिनींना, कारभाऱ्यांच्या बायकोलाच, विचारलं. त्या हंडा खाली ठेवून हसत बसल्या. "काही झालेलं न्हाई हो त्यांना. दोघं जण ह्यांचंच वाईट बोलून राहिले असतील, तर त्या दोघांना विषय बदलायला वेळ मिळावा, म्हणून खोकतात."

त्यांचं नाव रंगनाथराव. पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी एकदाच ऐकली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून त्या वेळच्या लोकांची मुलं-नातवंडं नांदताहेत आणि मला कुणाच्या जखमेवरची खपली काढायची नाही. हिंगोलीहून सकाळी चालत निघालं की जेवणाच्या वेळेला पोचावं एवढ्या अंतरावरचं गाव. राज्य निजामाचं. गावात निम्मी जमीन नानासाहेब देशमुखांची. गावाच्या दोन अंगांना दोन वाड्या, वरची आणि खालची. तिथले शेतकरी लहान, स्वतःच्या तुकड्यावर राबणारे, पण शब्द नानासाहेबांचा चालायचा. या सगळ्याचा कारभार रंगनाथराव बघत. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघत, आणि वडिलांच्या आधी आजोबा.

उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला रुमाल, आणि नाकाशी कायम तपकिरीची चिमूट. जे बोलायचं ते तोंडावर बोलायचं, हा त्यांचा नेम होता. एखाद्याचा एकादशीचा नेम असतो तसा, मोडला तर पाप लागेल असा. "मागून बोललेलं सडतं," असं म्हणायचे. आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पहिल्याच घासाला मला म्हणाले, "वहिनी, वरणात डाळ दिसून न्हाई राहिली." मी नवी नवरी! मला इतका राग आला की मी ताक वाढायला बाहेरच गेले नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, "मास्तर, तुमचं अक्षर पाहून लेकरं बिघडून जातील." हे बिचारे आठवडाभर पुस्ती गिरवत बसले होते. माझं वरण मात्र मी पातळच ठेवलं, हट्टानं.

त्यांच्या या तोंडाळपणाची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. नानासाहेबांच्या भाचीचं लग्न ठरलं. मुलीला एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि हे मुलाकडच्यांना लग्न लागेपर्यंत कळू द्यायचं नाही असं घरातल्या बायकांनी ठरवलेलं. सुपारी फुटायच्या दिवशी कारभारी बैठकीत उभे राहिले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "मुलगी गुणाची हाये. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आता काय ते ठरवा." आत बायकांच्या हातातली ताटं थांबली. नानासाहेबांनी डोळे मिटून घेतले. तो मुलाचा बाप म्हणाला, "आमच्या घरात बोलणारेच लई झालेत. बरंच होईल." लग्न लागलं. नानासाहेबांनी नंतर कारभाऱ्यांच्या पाठीत असा धपाटा घातला म्हणे की त्यांची तपकीर सांडली. "अहो, तुमच्यापायी एक दिवस मी मरून जाईन!" असं म्हणून पोट धरून हसले.

नानासाहेब तसे होतेच. लोक म्हणतील जमीनदार म्हणजे मिशाळ, डोळे वटारणारा. हा माणूस गोरा, गुबगुबीत, दुसऱ्याच्या लग्नात स्वतःच्या हातानं जिलेबी वाढणारा. कारभाऱ्यांच्या मुलीचं लग्न त्यांनी आपल्या खर्चानं करून दिलं, वाशीमला, चांगल्या घरी. सरूवहिनी त्यांच्या नावानं तुळशीला पाणी घालायच्या. हे मी सांगते आहे ते अशासाठी, की पुढं जे झालं ते एका वाईट मालकाच्या आणि एका चांगल्या नोकराच्या भांडणासारखं कुणी वाचू नये. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं.

एका वर्षी आमच्या भागात बुळकांडी आली. बैलांचा रोग. दोन्ही वाड्यांमधल्या दावणी रिकाम्या झाल्या. माणसं गळ्यातली घुंगरं हातात घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. सरकारनं तगाई जाहीर केली. म्हणजे ज्याचे बैल मेले त्यानं सरकारातून कर्ज घ्यावं, बैल आणावेत आणि पुढं हप्त्यानं फेडावं. वाडीतल्यांना ना लिहिता येई ना उर्दू कळे. नानासाहेब म्हणाले, मी सगळ्यांचं करून देतो. अंगठे घेतले, सगळ्यांच्या वतीनं पैसा उचलला. फक्त एक अट होती. बैल खरोखर आणून शेतकऱ्यांच्या दावणीला बांधले, असं कुणीतरी भल्या माणसानं लिहून सही करायची होती. आणि भला माणूस म्हटल्यावर तहसिलीतसुद्धा एकच नाव होतं.

"कळमनुरीच्या बाजारात सौदा झाला हाये," नानासाहेब कारभाऱ्यांना म्हणाले. "नदीला पाणी आलं, बैल पलीकडं अडकून पडले. तारीख निघून चालली. तुमी सही करून टाका." कारभाऱ्यांनी केली. मालक खोटं सांगतील हे त्यांच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. उद्या कुणी सांगितलं की मारुतीच्या देवळात मारुती नाही, तर आपल्याला खरं वाटेल का? नदी उतरली. बैल काही आले नाहीत. मग नानासाहेब म्हणाले, सौदा फिसकटला, पैसा सरकारात परत भरला. तेही कारभाऱ्यांनी मानलं. वाडीतल्यांना परस्पर सांगण्यात आलं की अर्ज नामंजूर झाले. ते कपाळाला हात लावून बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नानासाहेबांची मोटर आली. निळ्या रंगाची, मागं बाकं टाकलेली, हिंगोलीहून कनेरगावच्या नाक्यावरून वाशीमला जाणारी. आमच्या गावात ती पहिल्यांदा आली तेव्हा नानासाहेबांनी सगळ्यांना फुकट फिरवून आणलं. मीही बसले होते. कारभारी पुढच्या बाकावर, रुमाल दोन्ही हातांनी धरून. मोटरीला पैसा कुठून आला असं विचारलं असतं तर नानासाहेबांनी सांगितलंही असतं कदाचित. पण विचारलं नाही कुणी.

मग पुढच्या वर्षी तगाईचा हप्ता मागायला तहसिलीचा चपराशी खालच्या वाडीत आला. मारोती नावाचा शेतकरी होता. चपराशी म्हणाला, बैलाचा हप्ता दे. मारोती म्हणाला, "कोणता बैल? मी तर बैलाचं शेपूट सुदीक पाह्यलं न्हाई." चपराशानं त्याच्या घरातली भांडी बाहेर काढून मांडली. हप्ता भरला नाही तर शेताची जप्ती, असं सांगून गेला. मारोती तडक कारभाऱ्यांच्या ओट्यावर आला. त्या दिवशी मी परसात धुणं वाळत घालत होते. भिंतीपलीकडून मला मारोतीचा आवाज ऐकू येत होता, रडका. कारभाऱ्यांचा आवाज मात्र येत नव्हता. तेच मला चमत्कारिक वाटलं.

त्यानंतरचे काही दिवस सरूवहिनी रोज दुपारी आमच्याकडं येऊन बसायच्या. त्या सांगायच्या तेव्हा मला कळायचं. कारभारी त्याच संध्याकाळी नानासाहेबांकडं गेले. नानासाहेबांनी काही लपवलं नाही. "तुमी काहून जिवाला लावून घेऊन राहिले? मोटर चालून राहिली ना. पैसा आला की सगळ्यांचं भरून टाकतो. एका वाडीलाही तकलीफ होऊ देणार न्हाई."

"मग सरकारला तसं सांगा."

"सरकारला सांगितलं तर आत टाकतील मला."

"व्हय. मलाबी टाकतील," कारभारी म्हणाले. "सही माझी हाये."

नानासाहेब हसले. त्यांना वाटलं, स्वतःच्या मानेवर सुरी फिरवायला कोण जाईल? कारभारी म्हणाले, "अमावास्येपर्यंत तुमी सांगा. न्हाईतर मी सांगतो. आधी तुमच्या कानावर घातलं, बस्स."

अमावास्या गेली. कारभारी हिंगोलीला निघाले. मी माहेरी निघालेच होते, तेव्हा एकाच बैलगाडीत गेलो. माझं माहेर हिंगोलीचं.  गावाचा माळ दिसेनासा झाला तेव्हा मीच म्हटलं, "कारभारी, तुमच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. तुम्हाला सजा झाली तर वहिनींचं काय?" ते म्हणाले, "तुमी गप्प बसल्या नसत्या. तुमच्या तोंडाचा पट्टा मला भिंतीतून ऐकू येतो." एवढंच. तेवढ्या काळजीतही मला हसू आलं आणि मग इतकं वाईट वाटलं की मी गाडीच्या तट्ट्याकडं तोंड करून बसले.

तहसीलदारांनी त्यांचं ऐकलं आणि गिरदावराला, म्हणजे तपासणीच्या अंमलदाराला, वाड्यांवर पाठवलं. कारभाऱ्यांचा नेम इथंच आडवा आला. तपासणी कधी होणार हे त्यांनी आदल्या दिवशी जाऊन नानासाहेबांना सांगून टाकलं! सरूवहिनींनी कपाळ बडवून घेतलं. मी भिंतीजवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून, "असा माणूस चोराच्या घरीसुद्धा आधी निरोप पाठवील!"

झालं तेच. गिरदावर आधी वरच्या वाडीला गेला. तिथं प्रत्येकाच्या दारात बैल. मग नानासाहेबांकडं त्याचं जेवण झालं, जेवण झाल्यावर पान, पानावर गप्पा. तोवर आमच्या परसामागच्या नाल्यातून तेच बैल खालच्या वाडीकडं हाकत नेत होते. मी स्वतः पाहिले. नानासाहेबांचे काही, इकडून तिकडून मागून आणलेले काही. वरच्या वाडीत ज्यांची शिंगं लाल होती, ती आता हिरवी झालेली, रंग ओला, एकाच्या कानावर ओघळलेला. खालच्या वाडीत गिरदावरानं मारोतीला विचारलं, "हे तुझेच?" मारोतीच्या शेजारी नानासाहेबांचा गडी उभा होता. हप्ता मालक भरतील असा शब्द आदल्या दिवशी मिळालेला होता. मारोती खाली बघून म्हणाला, "व्हय. माझेच." कारभारी समोरच उभे होते.

गिरदावरानं सगळ्यांदेखत सांगितलं, की हा बुढ्ढा खोटी तक्रार करतो. नानासाहेब पुढं आले आणि कारभाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. कारभारी, उद्या कामावर या." मारलं असतं तर बरं, असं ते बोलणं होतं. कारभारी दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तीन पिढ्यांतला तो पहिलाच दिवस, की कोठाराची किल्ली देशमुखांच्या दारी परत गेली आणि कारभाऱ्यांच्या घरचा माणूस मागं राहिला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. न्हाव्यानं येणं बंद केलं. आडावर सरूवहिनी आल्या की बायका गप्प व्हायच्या. मी मुद्दाम मोठमोठ्यानं त्यांच्याशी बोलायची, तर आमचे हे मला म्हणायचे, "अगं, शाळा देशमुखांच्या जागेत आहे." मी म्हटलं, "मग शाळा माझ्या तोंडात बांधा." एका संध्याकाळी कारभाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. आग आपोआप लागत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून विझवली, म्हणजे आम्ही चौघांनीच. बाकीचे दारात उभे राहून बघत होते.  उद्या घरालाच लावतील, आणि भिंत तर आमची एकच, हे माझ्या मनात आलं, ते मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब स्वतः आले. ओट्यावर बसले. भिंतीमुळं मला सगळं ऐकू येत होतं, आणि नसतं आलं तरी मी कान लावलाच असता.

"आग मी न्हाई लावली," ते म्हणाले.

"मला माहीत हाये," कारभारी म्हणाले. "तुमी सांगून लावली असती."

नानासाहेब म्हणाले, "रंगनाथराव, हात जोडतो. सोडून द्या. मी बुडालो तर तुमी आधी बुडाल. सही तुमची. माझं वजन हाये, मी निभावून जाईन. तुमाला कोण सोडवणार?"

"कोणी न्हाई."

"मग काहून?"

"मारोतीचं शेत जाईल, मालक. माझ्या सहीनं जाईल."

नानासाहेब उठून गेले. जाताना त्यांच्या वहाणा मोजता येतील इतक्या हळू वाजत होत्या.

श्रावण संपत आला. पोळा तोंडावर. सगळीकडं बैल धुणं, गोंडे, घुंगरं, हिंगुळाची लगबग. एका दुपारी सरूवहिनी मला सांगायला आल्या, की हे पुन्हा हिंगोलीला जाऊन आले. तहसीलदारांना म्हणाले, पोळ्याच्या दिवशी तोरणाच्या वेळेला या. एक जण आमच्या गावात, एक वरच्या वाडीत, एक खालच्या. त्या दिवशी बैल ज्याचा त्याच्याच दारी असतो. इकडचा तिकडं होत नाही. तहसीलदार म्हणे हसले नाहीत, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंत, इस बार भी झूठे निकले तो पहले तुम्हीं को अंदर करूंगा." कारभारी म्हणाले, कबूल.

आणि घरी येऊन, हातपाय धुऊन, हा माणूस नानासाहेबांकडं गेला आणि हेही सांगून आला!

या वेळेला मी भिंतीशी गेले नाही. सरळ त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले. "कारभारी, एकदा तोंड शिवून घेता आलं नसतं का? ते आता बैल जमवतील." मला रडू फुटत होतं. कारभाऱ्यांनी तपकीर ओढली. "जमवू द्या. पोळ्याला बैल देणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो."

नानासाहेबांनी माणसं पाठवली. पुसेगावकडं पाठवली, कनेरगावकडं पाठवली. भाडं द्यायची तयारी होती, दुप्पट, मागेल तेवढं. माणसं शिव्या खाऊन परत आली. एका म्हाताऱ्यानं तर गड्याला दारातून हाकलून लावलं म्हणे, "पोळ्याला बैल मागून राहिला? उद्या म्हणशील दिवाळीला लक्ष्मी उसनी दे!" राहिले नानासाहेबांचे घरचे बैल. ते होते भरपूर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे गडी वाड्यांवर न्यायला बैल सोडायला गेले. गोठ्यात खांदेमळणी चालू होती. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते खुद्द नानासाहेब, आणि दरवर्षीसारखं प्रत्येकाला नाव घेऊन सांगत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." गड्यानं विचारलं, "मालक, सोडू का?" नानासाहेबांनी हातातलं लोणी त्या बैलाच्या खांद्याला पुरतं चोळलं. मग म्हणाले, "जेवायला बोलावलंय त्यांना. जा घरी." हे त्या गड्यानंच पुढं सगळ्यांना सांगितलं.

पोळ्याच्या दिवशी सरूवहिनींनी पहाटेपासून पुरण घातलं. मला म्हणाल्या, "चला खालच्या वाडीला. मारोतीच्या घरी गुळाचा खडा न्हाई, नैवेद्य कशाचा दाखवील?" आम्ही दोघी पोळ्यांची पाटी घेऊन नाला ओलांडून गेलो. खरं सांगायचं तर गावात राहून लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा त्यांना कुठंही जायचं होतं.

खालच्या वाडीत वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. एका बाजूला गिरदावर, तोच मागचा. एका बाजूला कारभारी. आभाळ भरून आलेलं. वाजंत्री वाजली आणि माणसं तोरणाखाली रांगेनं येऊन उभी राहिली. ज्याच्या घरी बैल नसतो तो पोळ्याला मातीचे बैल करून पूजतो, आपल्याकडची रीतच आहे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. पण एकामागून एक माणूस पितळी घेऊन आला आणि प्रत्येकाच्या पितळीत मातीच्या बैलांची जोडी. कुणी शिंगांना बेगड चिकटवलेली, कुणी पाठीवर चिंधीची झूल घातलेली. सगळी रांग तशी. खरा बैल त्या तोरणाखाली एकही नव्हता.  वाजंत्रीवालासुद्धा वाजवायचा थांबला.

गिरदावर मारोतीसमोर गेला. "पिछली बार तो तेरे दो बैल थे. कुठं आहेत?"

 एक शब्द चुकला तर मालकाचा राग, एक शब्द चुकला तर शेत. मारोतीची नजर कारभाऱ्यांकडं वळली. आणि तोंडावर बोलायचं म्हणणारे कारभारी त्या क्षणी पाठ करून उभे राहिले. आपल्याकडं बघून त्यानं काही बोलावं असं त्यांना नको होतं.

"साहेब," मारोती म्हणाला, "आज पोळा हाये. बैलाच्या म्होरं उभं राहून बैलाचं खोटं न्हाई बोलवत. माझे बैल हेच." त्यानं पितळी पुढं केली. मग त्याच्या शेजारचा बोलला. मग त्याच्या शेजारचा. पाऊस भुरभुरू लागला आणि मातीच्या बैलांचा रंग पितळीत उतरू लागला, तरी कुणी हललं नाही. सरूवहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होते.

वरच्या वाडीत तसंच झालं. आमच्या गावात तहसीलदारांसमोर नानासाहेबांची मानाची जोडी तोरणाखालून पहिली गेली, सजवलेली, झुलत. दोन्हीकडचे निरोप आले तेव्हा नानासाहेब बैलांना घास देत होते. त्यांनी घास पुरा दिला, हात धुतला आणि तहसीलदारांना म्हणाले, "लिहा. मोटरीत घातला पैसा." आणि मग, कारण नाही म्हटलं तरी तेही माणूसच, हळूच म्हणाले, "पण बैल पोचल्याची सही माझी न्हाई." वाडीहून परत आलेले कारभारी मागं उभेच होते. "सही माझी," ते म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. वाड्यांच्या नावावरची तगाई रद्द झाली, मारोतीचं शेत वाचलं. मोटर सरकारनं लिलावात काढली. नानासाहेबांचं वजन होतं, दंडावर निभावलं. कारभाऱ्यांना परभणीच्या तुरुंगात काही महिने काढावे लागले. ते आत असताना मारोती सरूवहिनींच्या दारात भाजी ठेवून जायचा, हाकही न मारता. वाडीतले काही जण मात्र म्हणायचे, "एवढं झालं, पण बैल तर आलेच न्हाईत." तेही खोटं नव्हतं. सुटल्यावर कारभारी गावात न येता परस्पर निजामाच्या हद्दीपलीकडं वाशीमला लेकीकडं गेले आणि सरूवहिनींना तिकडंच बोलावून घेतलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्याच्या काही महिने आधी ते वारल्याचं कळलं. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पोळ्याच्या संध्याकाळीच. तहसीलदार म्हणाले, जबाब आजच हिंगोलीला व्हायचे, रात्र मध्ये गेली की जबाब बदलतात. ते घोड्यावर आले होते. नानासाहेबांची मोटर वाशीमला अडकलेली. आणि गावात एवढे बैल असून एकालाही गाडीला जुंपता येत नव्हतं, पोळा होता. तेव्हा पुढं घोडा, आणि मागं दोघं पायी. नानासाहेब कधी एवढं चाललेले नव्हते. वेशीपर्यंतच त्यांचा श्वास लागला. गडी छत्री देऊन गेला, पण ती उघडून धरायचं त्यांना सुचत नव्हतं. आम्ही बायका वेशीच्या ओट्यावर उभ्या होतो. कारभाऱ्यांनी त्यांच्या हातातली छत्री घेतली, उघडली, आणि त्यांच्या डोक्यावर धरली. नानासाहेब थांबले. कारभाऱ्यांनी बरोबरीला यावं, दोघांनी एका छत्रीखाली चालावं, म्हणून थांबले असावेत. कारभारी आले नाहीत. जन्मभर चालले तसे अर्धं पाऊल मागं राहिले, हात लांब करून, स्वतः भिजत.

"बघा," सरूवहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मालकाला कैदेत घालायला घेऊन चालले, अन् भिजू देऊन न्हाई राहिले." मग पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, की मारोतीकडं पाटी राहिली, ती आणायला हवी. ते दोघं माळावरून उतरेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो.